नकोसं पाणी

गाडी रांगेत उभी होती म्हणून आईचा व्हिडिओ कॉल घेतला. इकडे रात्रीचे साडेदहा, तिकडे सकाळचे नऊ. तिला ट्रक बघायचा होता. फोटो पाठवले होते, पण फोटोत काही कळत नाही म्हणाली. मग खाली उतरलो आणि इंजिनापासून मागच्या दिव्यांपर्यंत फोन फिरवून दाखवला. टाकीवर पुढच्या गाडीचे लाल दिवे चमकत होते, दोन्ही अंगांना जाड होज, म्हणजे पाइप, लटकवलेले होते. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एवढा मोठा टँकर! कंच्या गावाला निघालंय पानी?"

मी म्हटलं, गावाला नाही गं. तेवढ्यात पुढची गाडी हलली आणि मला फोन ठेवावा लागला. दोन दिवसांनी धाकट्या बहिणीकडून कळलं की आईने आळीभर सांगितलंय, पोरगा अमेरिकेत पाण्याचा टँकर चालवतो, तिकडंबी दुष्काळच हाय म्हणायचं.

आईचं काही चुकलं नाही. आमच्या माण तालुक्यात टँकर म्हटलं की दुसरा अर्थच निघत नाही. माणगंगा वर्षातले बरेच महिने नुसती वाळूची. उरमोडीचं पाणी तालुक्याच्या काही भागात पोचलं, पण आमची वाडी उंचावर. मार्च उलटला की सरकारी टँकर यायचा, दहा-बारा हजार लिटरचा, कुठूनतरी गळत गळत. तो गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा. पाइप आत सोडला की पाणी गाळात आपटून तांबूस उसळायचं आणि ते निवळायच्या आधीच चहूबाजूंनी पोहरे पडायचे. दोर एकमेकांत अडकायचे, भांडणं व्हायची, एखादी कळशी आत जायची. टँकरचा ड्रायव्हर मात्र कठड्यापासून लांब, सावलीत. त्याला चहा जायचा. गुटखा थुंकून तो बायकांवर ओरडला तरी उलट कोणी बोलायचं नाही, अगदी सरपंचही नाही. उद्या तो आधी दुसऱ्या वाडीला गेला तर?

मी जे पाणी नेतो त्याची वाट कुणीच बघत नाही. ते कधी एकदा नेतोस, असंच सगळ्यांना झालेलं असतं.

पश्चिम टेक्सासात मिडलंड-ओडेसापासून पेकोसपर्यंत आणि तिथून वर न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबॅडपर्यंत जो तेलाचा मुलूख पसरलाय, त्याला पर्मियन बेसिन म्हणतात. बाहेरच्यांना वाटतं इथे जमिनीतून तेल निघतं. निघतं, पण त्याच्यापेक्षा पाणी जास्त निघतं. एका बॅरल तेलामागे तीन-चार बॅरल पाणी ही इथली साधी गोष्ट, काही विहिरींना त्याहून कितीतरी जास्त. पर्मियन काळात, म्हणजे २५ कोटी वर्षांहून आधी, इथे समुद्र होता. त्याच्या तळाच्या खडकांत अडकलेलं खारं पाणी तेलाबरोबर वर येतं, आजच्या समुद्रापेक्षा तिप्पट किंवा त्याहून खारट, वर तेलाचा तवंग, सोबत वायू, आणि विहिरीतला खडक फोडताना घातलेली रसायनं. गुरांना चालत नाही, शेताला चालत नाही. जिथे सांडतं तिथे वर्षानुवर्षं गवताची काडी उगवत नाही. बरंचसं पाणी आता पाइपलाइनने जातं. पाइप जिथे पोचलेला नाही, किंवा पोचला असून बंद पडलाय, तिथे आम्ही जातो. गंमत अशी की या कामाआधीची चौदा-पंधरा वर्षं मी ह्युस्टनमध्ये पाइपच काढत होतो, कागदावर. पायपिंग डिझाइनर. २० एप्रिल २०२० ला अमेरिकन तेलाचा वायद्याचा भाव उणे ३७ डॉलरच्या खाली गेला, तेव्हा आमचा मजला अर्धा रिकामा झाला. मी टिकलो, पण पुढे कंत्राटामागून कंत्राट, प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान, आणि एक दिवस तेही आटलं. बायको फिजिओथेरपिस्ट. तिला ओडेसात चांगली नोकरी मिळाली, आम्ही इकडे आलो. घराच्या खिडकीतून हायवे दिसायचा आणि हायवेवर रात्रंदिवस एकच दृश्य: ट्रक.

सुरुवात कशी होते हे मला लोक विचारतात, तेव्हा त्यांच्या डोक्यात स्टिअरिंग असतं. माझी सुरुवात पाठांतराने झाली. क्लास ए, म्हणजे जड ट्रेलर-ट्रकच्या, लायसन्ससाठी आधी वैद्यकीय तपासणी आणि लेखी परीक्षा, मग शिकाऊ परमिट, ते हातात आल्यावर किमान १४ दिवस थांबायचं आणि मगच गाडीची परीक्षा. फेब्रुवारी २०२२ पासून नोंदणी असलेल्या शाळेतच शिकावं लागतं, चुलत्याच्या ट्रकवर शिकलो म्हणून चालत नाही. परीक्षेत गाडी हलायच्या आधी तिच्याभोवती फिरायचं आणि एकेका भागाला बोट लावून मोठ्याने म्हणायचं: तडा नाही, वाकलेला नाही, गळती नाही, नीट आवळलेला आहे. नंतर एअर ब्रेक. इंजिन बंद, चावी चालू, पेडल पूर्ण दाबून एक मिनिट धरायचं, हवेचा दाब ४ पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये. मग पेडल मारत मारत हवा घालवायची, ६०च्या आसपास धोक्याची घंटी वाजली पाहिजे, आणखी खाली गेल्यावर ब्रेकची बटणं आपोआप बाहेर आली पाहिजेत. चाळिशी ओलांडलेला माणूस पार्किंगमध्ये एकटाच ट्रकभोवती फिरत हे पुटपुटतोय, हे बघून आमच्या मुलीने मैत्रिणींना घरी आणणं काही दिवस बंद केलं होतं.

टँकर ओढायला वेगळी परवानगी लागते. ती मात्र नुसत्या लेखी परीक्षेवर मिळते. म्हणजे टाकीतलं पाणी मागून कसा धक्का देतं याचा शून्य अनुभव असताना कायद्याने तुम्ही टँकरचालक झालेले असता. मला याचं अजूनही नवल वाटतं. आमच्याकडे हंडा-कळशी वाहिलेल्या कुठल्याही बाईला जे माहीत असतं तेच इथे पहिल्या आठवड्यात कळतं: भरल्या घागरीपेक्षा अर्धी घागर जास्त डचमळते. टाकीत आडव्या भिंती असतात, त्यामुळे पुढे-मागे हिंदकळणं कमी होतं, पण वळणावर पाणी बाजूला जातं त्याला त्या भिंती काही करत नाहीत. सिग्नलला थांबलात, ब्रेक लागला, गाडी थांबली असं वाटलं, की मग मागून पाणी येतं आणि गाडीला हलकेच पुढे ढकलतं. पूर्ण भरून टाकावी म्हटलं तर तेही नेहमी जमत नाही. आमची टाकी १३० बॅरलची, लिटरमध्ये वीस हजारांच्या वर. पण पाणी जितकं खारट तितकं जड, आणि रस्त्यावर एकूण वजन ८०,००० पौंडांच्या आत हवं. त्यामुळे जिथलं पाणी जास्त खारं त्या लीजवर, म्हणजे तेलविहिरीच्या जागेवर, टाकी अपुरी ठेवावी लागते, म्हणजे पुन्हा डचमळ आलीच.

मला शिकवायला दिलेला माणूस मेक्सिकन वंशाचा, साठीच्या पुढचा. इंग्रजी बेताचं, बोलणं त्याहून बेताचं. गाडी कशी चालवतो याकडे त्याने फारसं लक्षच दिलं नाही. लीजवर पोचल्यावर तो खाली उतरायचा, दार लावायचा आणि नुसता उभा राहायचा. मी घाईघाईने हातमोजे चढवत असायचो, तर तो बोटाने वाऱ्याचं फडकं दाखवायचा. नारिंगी पिशवीसारखं ते निशाण कुठे तोंड करून आहे ते आधी बघायचं, मग ट्रक कुठे लावायचा ते ठरवायचं, आणि लावायचा तो नेहमी तोंड बाहेरच्या रस्त्याकडे करून. पळायची वेळ आली तर रिव्हर्स घेत बसायचं नाही. कशापासून पळायचं, असं मी त्याला विचारलं होतं. त्याने छातीवर लावलेल्या छोट्या पिवळ्या यंत्राला टिचकी मारली.

हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याचा वास, हे सगळ्यांना माहीत असतं. पहिल्या दिवशीच्या वर्गात सांगतात ते पुढचं: हवेत दहा लाखांत शंभरच्या आसपास भाग झाला की नाक मरतं. वास येईनासा होतो. म्हणजे वास गेला म्हणून सुटकेचा श्वास घ्यावा, तर तोच श्वास महागात पडणार. वर्गात आणखी एक आकडा सांगितला जातो. २०१० ते २०१४ या काळात अमेरिकेत नऊ कामगार टाक्यांवर चढून झाकण उघडून माप घेताना किंवा नमुना काढताना मेले. बरीच वर्षं अशा मृत्यूंचा दोष माणसाच्या हृदयावर जायचा. नंतर लक्षात आलं की झाकण उघडल्यावर टाकीतून एकदम जो हायड्रोकार्बनचा भपकारा येतो, त्याने ऑक्सिजन ढकलला जातो आणि काळीजही बिघडतं. मी ज्या लीजवर जातो त्यांतल्या कित्येक ठिकाणी आता रडारवर माप दिसतं. जिथे नाही, तिथे लोखंडी जिना चढावा लागतो. म्हातारा वर जायच्या आधी वाऱ्याकडे पाठ करून थांबायचा, झाकणाचा खटका सोडायचा, तोंड फिरवायचा, हिस्स आवाज पुरता विरेपर्यंत तसाच. मग मापाची पट्टी आत. ४०० बॅरलच्या उभ्या टाकीत एक इंच म्हणजे १.६७ बॅरल. साठ इंच उतरले की शंभर बॅरल आपल्या टाकीत आले. हे गणित तो बोटांवर स्पॅनिशमध्ये करायचा आणि त्याचं तिकीट, म्हणजे मापाची पावती, कधी चुकलेलं मी पाहिलं नाही.

बाकीचं काम हाताचं. होज उतरवायचा, चार इंची, उन्हाळ्यात चटका देणारा आणि हिवाळ्यात वाकायला नकार देणारा. जोडाखाली आधी बादली. जोडाचे दोन कान दाबले की टक्क आवाज आला पाहिजे, नुसता बसल्यासारखा दिसून उपयोग नाही. पंप टाकीतली हवा ओढतो आणि मग पाणी आपसूक येतं, होज अंगात आल्यासारखा एकदा उडतो आणि स्थिर होतो. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढ्यात फोन बघावा असं वाटतं, पण पंपाचा सूर बदलला तर कान तिकडे हवेत: गाळ आला, हवा आली, टाकी भरत आली, सगळं आधी आवाजात कळतं. शेवटी झडपा बंद करून होज एका टोकापासून खांद्यावर उचलत उचलत चालायचं, म्हणजे आत राहिलेलं पाणी टाकीत जातं, जमिनीवर नाही. जमिनीवर सांडलं तर तक्रार, दंड, आणि त्या शेतकऱ्याची जागा गेली ती गेलीच. माझ्या डाव्या खांद्यावर त्या होजचा घट्टा पडलाय. माझ्या आजीच्या कमरेवर हंड्याचा होता.

रस्त्याबद्दल लिहायचं तर दुसरा लेख होईल. पेकोसहून ऑर्लामार्गे कार्ल्सबॅडकडे जाणाऱ्या २८५ नंबरच्या हायवेला लोक सरळ डेथ हायवे म्हणतात आणि त्यात कोणाला अतिशयोक्ती वाटत नाही. तेलक्षेत्रात माणसं मरतात ती स्फोटांपेक्षा गाड्यांच्या अपघातांत जास्त. वाळूचे ट्रक, पाण्याचे ट्रक, रात्रपाळीवरून परतणाऱ्या झोपाळू पिकअप, आणि मध्ये बऱ्याच ठिकाणी दुभाजक नाही. तासांचे नियम आहेत. टेक्सासच्या आतल्या आत असाल तर १२ तास चालवू शकता. न्यू मेक्सिकोची हद्द ओलांडलीत की केंद्राचा नियम लागू, ११ तास. हद्दीवर फक्त एक पाटी, दोन्ही बाजूंना तेच मेस्कीटचं झुडूप, तोच पांढरा धुरळा, तेच मान हलवणारे पंप. पण घड्याळ बदलतं.

पाणी घेऊन जायचं ते दुसऱ्या विहिरीकडे. तेल न देणाऱ्या, फक्त गिळणाऱ्या. खारं पाणी दाबाखाली खोल खडकात परत ढकलण्यासाठीच्या या विहिरी, आणि आमची रांग लागते ती तिथे. तेल महाग झालं की रांग लांब. कधी तासभर, कधी तीन. इंजिनं घरघरत असतात, लांब कुठेतरी जळणाऱ्या वायूची ज्योत आभाळ पिवळं करते, कोणीतरी टिफिन उघडतं. एका क्युबन ड्रायव्हरला माझी शेंगदाण्याची चटणी इतकी आवडली की त्याच्यासाठी वेगळी डबी असते. याच रांगेत मला आईने तो प्रश्न विचारला होता.

त्याचं उत्तर मी नंतर दिलं. सांगितलं की हे पाणी खारट आहे, विषारी आहे, कुणाच्या कामाचं नाही, परत जमिनीत सोडून देतात. तिने दोन गोष्टी विचारल्या. पहिली, मग काढतातच कशाला? दुसरी, आणि त्याचे पैसे देतात? दोन्हींना हो-नाही करत मी काहीतरी बोललो. तिच्या आवाजात राग नव्हता, पण उसाला पाटानं पाणी सोडणाऱ्या पलीकडच्या तालुक्याबद्दल बोलताना तिचा जो स्वर असतो, तो होता. शाळेच्या भिंतीवर 'पाणी अडवा, पाणी जिरवा' वाचत मोठा झालेला मी आता रोज रात्री पाणी जिरवायलाच जातो, हे तिला सांगायचा मोह झाला, आवरला. इकडेही जिरवण्याचे भोग आहेतच. १६ नोव्हेंबर २०२२ ला पश्चिम टेक्सासातल्याच मेंटोनजवळ ५.४ तीव्रतेचा भूकंप झाला, कितीतरी लांबपर्यंत जाणवला. आमच्या कपाटातल्या वाट्या खणखणल्या. त्याच्या आधीच मिडलंड-ओडेसाच्या बाजूला राज्याने खोल विहिरींत पाणी सोडण्यावर निर्बंध घातले होते, कारण भूकंपांचा आणि त्या पाण्याचा संबंध लागत होता. आता कुठली विहीर बंद झाली तर आमची फेरी चाळीस मैलांनी वाढते. ड्रायव्हर त्याला वैतागतात. तासाने पैसे मिळणारे वैतागत नाहीत.

मेमध्ये गावाकडे सरकारी टँकर आठवड्यातून दोनदाच येऊ लागला, म्हणून मी आईला पैसे पाठवले आणि तिने खाजगी टँकर मागवला. अर्धा आमच्या टाकीत आणि अर्धा शेजारच्या दोन घरांत. बहिणीने व्हिडिओ पाठवला. ड्रायव्हर विशीतला पोरगा, कानात इअरफोन, पाइप धरून उभा. व्हिडिओत पाइपच्या जोडातून पाणी गळत होतं आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, अरे, बादली ठेव खाली. मग लक्षात आलं, आईने ठेवलीच होती. दोन होत्या, आणि पहिली भरली की ती दुसरी सरकवत होती. माझ्या बादलीतलं पाणी मी जपून पुन्हा टाकीत ओततो ते कुणाची जमीन नासू नये म्हणून. तिची बादली स्वयंपाकघरात जाते. ते पैसे कुठल्या पाण्याचे हे तिला ठाऊक आहे. त्यावर ती एकदाच बोलली, आणि तेही माझ्याशी नाही, बहिणीशी: तिकडचं वाईट पानी लांब नेऊन टाकतो म्हणून हितं चांगलं येतंय, येऊ दे. मला हे इतकं सरळ वाटत नाही. पण दुसरं काही सुचतही नाही.

इथल्या मराठी मंडळींत माझ्या कामाचा उल्लेख लॉजिस्टिक्स असा होतो. मी दुरुस्त करत नाही, बायको करते. गणपतीच्या जेवणात एका काकूंनी विचारलं, ते एनर्जी सेक्टरमध्ये लॉजिस्टिक्स बघतात ना? ती म्हणाली, नाही काकू, ट्रक चालवतो तो. मग काकूंनी मला श्रीखंड जरा जास्तच वाढलं.

परवा डॅलसहून ओळखीतल्या एकाचा फोन आला. आयटीतली नोकरी गेलेली, ग्रीन कार्ड आहे, घराचा हप्ता आहे. म्हणाला, खरं सांग, कशी सुरुवात करायची? मी त्याला विचारलं, गेल्या तीन वर्षांत वेगाच्या दंडाची तिकिटं किती? कारण खरा मालक कंपनी नसते, विमावाला असतो. दोन वर्षं अनुभव असलेला माणूसच त्याला हवा असतो, आणि नवख्याला घेणाऱ्या थोड्या कंपन्यांत तुमचं ड्रायव्हिंग रेकॉर्ड सगळ्यात आधी उघडतं. पगारी नोकर म्हणून घेतात की कंत्राटदार म्हणून, ते लेखी घे. डब्ल्यू-२ (नोकराचा कर-फॉर्म) की १०९९ (कंत्राटदाराचा), याचं उत्तर द्यायला जो घुटमळतो त्याच्याकडे जाऊ नकोस. फेरीवर पैसे देत असतील तर रांगेतल्या तासांचं काय, ते विचार. लायसन्सचा खर्च आम्ही करतो म्हणाले तर कराराचं शेवटचं पान आधी वाच, तिथे किती महिने बांधून घेतलंय ते असतं. आग न पकडणारे कपडे त्यांचे की तुझे? वायूचं यंत्र रोज तपासून देतात का? शिकवणारा माणूस किती आठवडे सोबत असेल? तीन दिवस म्हणाले तर नको. तो लिहून घेत होता, कीबोर्डचा आवाज येत होता. मग म्हणाला, पॉडकास्ट वगैरे ऐकता येतात ना? रांगेत येतात, म्हटलं. होज लावला की नाही.

विचार करतो म्हणाला. चार दिवसांनी त्याचा मेसेज आला. राज्याचं परीक्षेचं पुस्तक उतरवून घेतलंय, एअर ब्रेकचं प्रकरण पाठ करायचं की समजून घ्यायचं?

दोन्ही, म्हटलं. आधी पाठ.